नळाला बांधलेले फडके

लग्न होऊन जिंतूरहून मी निर्मलला आले तेव्हा आमच्या घरात पाण्याचे दोन वेगळे संसार होते. एक विहिरीच्या पाण्याचा, एक नळाच्या. इकडे तेलंगणात नळाला नल्ला म्हणतात. पहाटे गल्लीत "नल्ला आला" अशी हाक फिरली की बाया घागरी-बिंदग्या घेऊन उठायच्या. विहिरीचे पाणी सासूबाईंच्या व्रताचे आणि मंदिरातल्या अभिषेकाचे. नळाचे बाकी सगळ्यांचे. तोटीला पांढऱ्या जाड कापडाची पिशवी नाडीने करकचून बांधलेली. जैनांचे घर ओळखायचे असेल तर पाटी वाचायला नको, नळाची तोटी बघावी.

त्या पिशवीवर माझा किती विश्वास होता ते मला १९९९ च्या श्रावणात कळले. माझा धाकटा तेव्हा सात वर्षांचा. सहा दिवस ताप उतरेना. आधी मलेरियाचे औषध झाले, मग रक्त तपासले आणि टायफॉइड निघाला. आमचे डॉक्टर तेलुगू, आमच्याशी दखनी हिंदीत बोलायचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कसे पिता? मी जरा ताठ मानेनेच सांगितले, "हम लोग जैन हैं, छानके पीते." ते म्हणाले, "छानना अलग है अम्मा, उबालना अलग है."

मला राग आला होता. खरे सांगायचे तर तो स्वतःचाच होता. कारण आमच्या घरात पाणी उकळत होते! रोज उकळत होते. सासूबाईंचे एकाशन, अष्टमी-चतुर्दशी, दसलक्षण पर्वातले व्रत, यासाठी वेगळी कळशी ठेवलेली, तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. घरातल्या सर्वांत निरोगी माणसाला उकळलेले पाणी मिळत होते आणि शाळेतून घामाघूम येणारे पोर पिशवीतून गाळलेले नळाचे पाणी ढोसत होते. डॉक्टर म्हणाले, पाण्यातूनच आला असेल असे नाही, बाहेरचे खाणेही असू शकते. पण मी त्याच्या उशाशी बसले असताना ही दोन भांडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

तो बरा झाला. बी.ए.ला माझा इतिहास होता. बाविसाव्या वर्षी सुटलेली वाचायची सवय त्या आजारपणाने परत लावली. गाळणे म्हणजे नक्की काय, त्याने काय अडते आणि काय अडत नाही, हे मला बघायचे होते.

आपल्यात गाळण्याचे नियम किती बारीक आहेत ते बहुतेकींना तोंडपाठ असेल. कापड छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद, दुहेरी केलेले, सूर्याचा प्रकाश पलीकडून दिसू नये इतके घट्ट. गाळून झाले की कापड उलटे करून त्यावर गाळलेलेच पाणी ओतायचे, म्हणजे वर अडकलेले जीव खाली भांड्यात उतरतात. ती जिवाणी. ती ज्या विहिरीची असेल त्याच विहिरीत परत सोडायची. वरून ओतायची नाही, जीव आपटून मरतील. बुडाला कडी असलेली छोटी बादली अलगद खाली सोडायची आणि पाण्याला टेकली की कलती करायची. गाळलेले पाणी दोन घटका चालते, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. मग पुन्हा गाळायचे. उकळलेल्याची मर्यादा आमच्यात चोवीस तास. शेजारच्या श्वेतांबर काकूंकडे ती ऋतूप्रमाणे बदलते, आणि पावसाळ्यात सर्वांत कमी, तीन प्रहर, म्हणजे नऊच तास.

हे नियम नीट वाचले तर लक्षात येते की यातला एकही नियम पिणाऱ्याच्या पोटासाठी नाही. सगळे पाण्यातल्या जिवासाठी आहेत. आपण मात्र प्रवचनात, पाठशाळेत, कॅलेंडरच्या मागच्या पानावर मोठ्या अभिमानाने छापतो, की कॅप्टन स्कोर्सबी नावाच्या इंग्रजाने पाण्याच्या एका थेंबात ३६४५० जीव मोजले, आणि आपल्या तीर्थंकरांना ते आधीच ठाऊक होते. विल्यम स्कोर्सबी हा माणूस खरा. उत्तर समुद्रात देवमासे मारणाऱ्या जहाजाचा कप्तान, पुढे शास्त्रज्ञ म्हणून नाव झालेला. (देवमासे मारणाऱ्याची साक्ष आपण जीवदयेसाठी काढतो, हे एक नवलच.) पण थेंब काय एकसारखा असतो? डबक्याचा वेगळा, झऱ्याचा वेगळा. जो आकडा सगळ्या थेंबांना चालतो तो कोणत्याच थेंबाचा नसतो. आणि यातली मोठी गफलत अशी, की जिवाणी आणि जिवाणू हे शब्द जवळचे वाटले तरी कापडात अडकते ती जिवाणी. टायफॉइडचा जिवाणू कापडातून सहज निघून जातो. मिलिमीटरचे हजार भाग केले तर तो दोन-तीन भाग लांब, आणि रुंद तर एक भागही नाही. चार पदरी जुन्या सुती कापडाचे छिद्र असते वीस भागांचे. कावीळ करणारा विषाणू तर त्याहून कितीतरी लहान. वेशीतून मुंगी जावी तसा तो जातो.

मग गाळणे फुकटच का? तसे मुळीच नाही, आणि तेही मला पुस्तकाआधी माहेरच्या आठवणीने सांगितले.

आमच्या शेतावर एक सालगडी होता. त्याच्या घोट्याशी फोड आला, फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखे काहीतरी बाहेर आले. त्याने ते काडीला गुंडाळले आणि रोज थोडे थोडे वेढे देत राहिला. ओढून तुटले तर पाय सडतो म्हणायचे. तो नारू. दोन-तीन फूट लांबीचा जंत, माणसाच्या कातडीखाली वर्षभर वाढलेला. दुखरा पाय गार पाण्यात बुडवला की बरे वाटते, म्हणून माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो, आणि तेवढ्यात नारू आपली हजारो पिल्ले पाण्यात सोडतो. ती सायक्लॉप्स नावाच्या कणाएवढ्या पाणकिड्याच्या पोटात जातात, आणि तो किडा त्याच बारवेच्या पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. फेदचेंको या रशियन माणसाने १८७० च्या सुमारास ही साखळी उलगडली.

पाणकिडा साध्या दुहेरी कापडात अडकतो. आजी म्हणायची, "आपल्यात नारू होत नाही." तिला वाटायचे पुण्याईने. ते कापडाने होते. आणि हेही सांगायला हवे, की तो सालगडी आमच्याच बारवेचे पाणी प्यायचा. आमच्या घरात सहा गाळणी होती, त्याच्या हाती कोणी एक दिले नाही. किड्यामुंगीची जिवाणी कडीच्या बादलीने खाली पोचवणारे आम्ही! लहान होते म्हणून मी सुटले असे म्हणता येईल, पण मोठे होते त्यांनाही सुचले नाही.

ते सुचले सरकारला. १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाची मोहीम निघाली तेव्हा देशात सुमारे चाळीस हजार रोगी सापडले. आपला महाराष्ट्र, तेव्हाचा आंध्र, कर्नाटक, राजस्थान धरून सात राज्यांत. मोहिमेने केले काय? बारवांच्या पायऱ्या बंद करून रहाट बसवले, हातपंप खोदले, पाण्यात किडे मारणारे औषध टाकले आणि घरोघर गाळायची फडकी वाटली. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात मिळाला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. देवीनंतर आपल्या देशातून मुळापासून गेलेला हा दुसरा रोग. त्याला ना लस होती ना औषध. कापडाची त्यात फार मोठी कामगिरी आहे.

दुसरी गोष्ट पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची. याचा जंतू बारीकच, कापडात न अडकणारा. पण तळ्या-नद्यांत तो पुष्कळदा बारीक पाणकिड्यांच्या अंगाला चिकटून राहतो. किडा अडला की त्याच्या पाठीवरचा जंतूही अडतो. रिटा कॉलवेल या अमेरिकन बाईंनी बांगलादेशात मतलब भागातल्या ६५ गावांत हे करून पाहिले आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले: चार पदरी सुती साडीतून गाळून पाणी पिणाऱ्या घरांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने, ४८ टक्क्यांनी, कमी झाला. नव्या साडीपेक्षा जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी चांगली ठरली, कारण तिचे धागे सैलावून छिद्रे बुजतात. हे मी सासूबाईंना वाचून दाखवले तर त्या म्हणाल्या, "नेसूची साडी पाण्याला? शास्त्र असू दे, माझ्या चौक्यात नाही चालायची." पण निम्म्याने कमी म्हणजे निम्मा उरलाच, हेही त्यांनी बरोबर पकडले. "मग उरलेल्याचं काय?" म्हणाल्या.

उरलेल्याचे दोन उपाय, अग्नी आणि औषध.

औषध आधी विहिरीत आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आग्र्याला हँकिन नावाचे जंतुशास्त्रज्ञ होते. पटकीच्या साथीत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा त्यांनी आग्रह धरला. आपण त्याला लाल औषध म्हणतो. जिंतूरला साथीच्या दिवसांत विहिरीचे पाणी गुलाबी झालेले मी लहानपणी पाहिले आहे; आम्ही पोरे सरबत म्हणून काठावरून हसायचो. मग क्लोरीन आला. १९०८ च्या २६ सप्टेंबरला अमेरिकेतल्या जर्सी सिटीत शहराच्या नळाच्या पाण्यात तो कायमचा मिसळायला सुरुवात झाली. दोनच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, आपल्या हैदराबादेत मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे गेली. त्या पुरानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले, १९२० मध्ये उस्मानसागर बांधून झाला आणि राजधानीला पाणी मिळाले. आम्ही जिल्ह्यातले मात्र पुष्कळ वर्षे विहीर, बारव आणि लाल औषध यांवरच राहिलो.

क्लोरीनचा गुण असा, की तो पाण्यात थोडा उरतो आणि वाटेत घाण शिरली तर तिच्याशीही लढतो. उकळलेल्या पाण्याला हा राखणदार नसतो. ते गार झाले की पुन्हा कोणाच्याही बोटाने नासते. दिवसातून तासभर येणाऱ्या नळाला तर राखणदार हवाच. पाणी बंद झाले की नळीत पोकळी होते आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पहिले पाणी घागरीत न घेता धुण्याभांड्याला घ्यायची जुन्या बायांची रीत शहाणपणाची होती.

पण सासूबाईंना क्लोरीन कधी पटला नाही. वासाचे निमित्त होते. दुखणे वेगळेच होते. नळ आला तेव्हापासून त्यांचा एक प्रश्न कोणी सोडवला नव्हता: नळाची जिवाणी सोडायची कुठे? विहिरीतली विहिरीत जाते. नळाचे पाणी कुठल्या धरणाचे, कुठल्या नदीचे, तिथवर बादली पोचणार कशी? आपले व्रती आणि मुनिसंघ नळाचे पाणी घेत नाहीत, चौका लावायचा तर आधी विहीर शोधावी लागते, त्याचे कारण हेच. १८६० साली मुंबईत विहार तलावाचे पाणी नळाने आले तेव्हा सोवळ्याच्या घरांनाही ते चालत नव्हते, पण त्यांची अडचण तोटीतल्या चामड्याच्या चकतीची. आपली अडचण परतीच्या वाटेची.

मी त्यांना म्हणाले, "आई, उकळल्यावरही जीव मरतातच की."

त्या म्हणाल्या, "मरतात. ते माझ्या चुलीवर मरतात, माझ्या खात्यावर जातात. टाकीत मरतात ते कुणाच्या खात्यावर?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. पण त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरात दोन कळशा राहिल्या नाहीत. सगळ्यांचे पाणी एकत्र उकळू लागले. मोठे बुडबुडे खळखळून आले की एक मिनिट पुरते, वीस मिनिटे गॅस जाळायची गरज नाही, हे कळल्यावर यांची कुरकुरही थांबली.

आगीनेही न जाणारी गोष्ट असते, ती विरघळलेली. इथून दक्षिणेला नलगोंड्यात पिढ्यान्‌पिढ्या पाण्यातल्या फ्लोराइडने माणसांची हाडे वाकली. फ्लोराइड ना कापडाने अडते, ना उकळून जाते. उकळून पाणी आटले की उलट दाट होते. त्यावर उपाय शोधला नागपूरच्या नीरी संस्थेने, १९७० च्या दशकात: तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात घालून ढवळायचे आणि गाळ खाली बसू द्यायचा. नाव पडले नलगोंडा पद्धत. नागपूर-हैदराबाद रस्ता आमच्या निर्मलवरूनच जातो. ती विद्या आमच्या दारावरून गेली असेल असे मला उगीच वाटते. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही फ्लोराइडची शेवटची हद्द. बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी एकदा तपासून घ्यावेच.

तुरटीच्या आधीही पाणी निवळवायला आपल्याकडे एक बी होते. संस्कृतात कतक, हिंदीत निर्मली, मराठीत निवळी. तेलुगूत चिल्ल गिंजा. माठाच्या आतल्या अंगाला ते उगाळायचे, की गढूळ पाण्यातली माती गोळा होऊन तळाला बसते. सुश्रुतसंहितेत पाणी निवळवणाऱ्या सात गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत कतक आहे आणि वस्त्रही आहे. आमच्या गावाचे नाव या बियांवरून नाही पडले, ते निम्म नायडू या राजावरून पडले असे सांगतात; पण निर्मलमध्ये राहून निर्मलीचे बी माहीत नसावे याची मला लाज वाटली होती. मनुस्मृतीत एक मार्मिक वचन आहे: कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने नाही.

आता मशीनवाल्यांचे. काही वर्षांपूर्वी एक मुलगा घरी आला, टाय लावलेला. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमचे पाणी, एकात त्याच्या मशीनचे, आणि दोन्हींत विजेच्या कांड्या सोडल्या. आमचे पाणी मिनिटभरात तांबडे-काळे झाले, त्याचे स्वच्छ राहिले. "आंटी, हे तुम्ही पिता." शेजारच्या दोघी तोंडाला पदर लावून उभ्या. मी चिमूटभर मीठ आणून त्याच्या ग्लासात टाकले आणि म्हटले, आता लाव. तेही तांबडे झाले. ती घाण पाण्यातली नव्हती, त्या लोखंडी कांडीचा गंज होता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून कांडी झिजते. क्षार काढून टाकलेल्या पाण्यात वाहत नाही, एवढीच जादू. मग त्याने टीडीएसचे मीटर काढले. ते मीटर विरघळलेले क्षार मोजते. पाचशेपर्यंत उत्तम, दुसरे पाणीच नसेल तर दोन हजारापर्यंत चालवून घ्यावे असे सरकारी मानक आहे. पण टायफॉइडचा जंतू त्या मीटरवर दिसत नाही. बोअर फारच खारे असेल किंवा फ्लोराइड असेल तर मशीन घ्यावे. एक लिटर देताना ते दोन-तीन लिटर मोरीत सोडते, तेवढे मात्र बादलीत धरावे. पाणी तुपासारखे वापरावे म्हणणारे आपण.

२०१६ मध्ये निर्मल वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिशन भगीरथचे उद्घाटन झाले, आणि पुढे शुद्ध केलेले पाणी घरोघर येऊ लागले. सासूबाई तोवर थकल्या होत्या. नव्या नळाला पिशवी बांधायला मी स्टुलावर चढले तेव्हा जुन्या नळाची पिशवी माझ्या हातात होती. आतून हात लावला तर बुळबुळीत. हिरवट. दिवसरात्र ओली, महिन्यातून एकदा बदललेली. मुलगा आजारी होता तेव्हाही ती अशीच असणार. आपल्या नियमात गाळणे वापरल्यावर धुऊन, पिळून, कडक वाळवायचे असते. विहिरीवर ते होत होते, कारण गाळणे हातात होते. नळाला बांधले आणि वाळवणे सुटले. तोटीवर पांढरे दिसले म्हणजे आपले जैनपण झाले.

ती पिशवी मी परत बांधली नाही. सासूबाई कॉटवरून बघत होत्या. मला वाटले बोलतील. त्या म्हणाल्या, "हातात धरून गाळ. आणि उन्हात टाक, सावलीत नको."

तेव्हापासून चार गाळणी आहेत, आलटून पालटून गच्चीवरच्या दोरीवर. गाळून मग उकळते. पाणी तोटीच्या स्टीलच्या पिंपात ठेवते, त्यात कोणाचा पेला बुडत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आले की तुरटी फिरवते, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनची ताकद मातीवरच खर्च होते. साथ असली आणि उकळणे जमले नाही तर आशाताईंनी दिलेली क्लोरीनची गोळी टाकते आणि अर्धा तास थांबते. त्या दिवशी खात्याचा हिशेब मनात येतो, नाही असे नाही.

विहिरीवर आता फरशी टाकली आहे, मोटारीच्या नळीपुरते भोक ठेवून. नळाच्या पाण्याची जिवाणी मी तिथेच सोडते. धरणातले जीव विहिरीत; चूक की बरोबर, माहीत नाही. परवा नातू विचारत होता, आजी, या भोकात रोज काय ओततेस? बादली त्याच्या हातात दिली आणि सांगितले, हळू, वरून टाकू नकोस.